पिलांपाशी टाकलेला गळ

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून गावी आला, तो एक रबरी बेडूक घेऊन. फटाक्यांच्या पिशवीपेक्षा त्या बेडकाची डबी त्याने अधिक जपून आणली होती. हिरवी पाठ, पिवळे पोट, मागे झिरमिळ्यांचे दोन पाय आणि अंगाशी दडवलेला दुहेरी गळ. अमेरिकेतल्या तळ्यांत ‘बास’ नावाचा मासा असतो, तो अशा बेडकावर कशी झडप घालतो, हे त्याने कितीतरी चित्रफितींत पाहिले होते. फराळाचे ताट पुढे असताना त्याने मला विचारले, “आजोबा, आपल्या तलावात बास आहे का?”

“बास नाही, पण मरळ आहे,” मी म्हणालो. चिवडा तसाच टाकून तो उठला.

बास आणि मरळ ह्यांचे जवळचे नाते काही नाही. पण दोघांचा स्वभाव एकाच घरात वाढल्यासारखा आहे. तोंड मोठे, आणि वृत्ती दबा धरून बसण्याची. पाणगवताच्या किंवा पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या आडोशाला निश्चल राहायचे आणि समोरून बेडूक नाहीतर मासोळी गेली की एका झडपेत गिळायची. मरळीचे वेगळेपण एवढेच की तिला नुसत्या पाण्यातल्या हवेवर जगता येत नाही. अधूनमधून वर येऊन तिला हवेचा घोट घ्यावा लागतो. म्हणूनच तळे आटत आले तरी ती चिखलात तग धरते, आणि पावसाळ्यात ओल्या गवतावरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाते. आमच्या जालना जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. येथे टिकायचे तर माशालाही असाच चिवटपणा हवा.

पाडव्याच्या पहाटे आम्ही दोघे तलावावर गेलो. मी त्याला जे शिकवले ते मला माझ्या लहानपणी कोणी ना कोणी शिकवलेले होते. उन्हे चढण्यापूर्वी जावे किंवा दिवस कलल्यावर. काठावर पाय आपटू नये, कारण मासा साऱ्या अंगाने ऐकत असतो. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. आधी नुसते बसावे आणि मरळ श्वासासाठी कोठे वर येते ते पाहावे. ‘गुळुप्’ असा एक आवाज होतो आणि पाण्यावर एक वलय उमटते. बेडूक थेट त्या वलयात न टाकता थोडा पलीकडे टाकावा आणि गवताच्या कडेकडेने, थांबत थांबत, उड्या मारल्यासारखा ओढत आणावा. झडप पडली की लगेच हिसका देऊ नये. मनात तीन-चार आकडे मोजावेत, तिने घास तोंडात नीट घेतला असे वाटले म्हणजे मगच दोर ताणावा. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. पोराने उतावळेपणाने तीन मरळी घालवल्या, चौथी मात्र काढली. तिचे वजन अर्ध्या किलोच्या वर नसेल, पण त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून मला वाटले, ह्या दिवाळीला आता आणखी काही नको.

बांधावरून परतताना त्याने सहज विचारले, “आजोबा, बासची अंडी असतात तेव्हा बाप घरट्यावर राखण करतो म्हणे. तेव्हा त्याला भूक नसते. पण घरट्याजवळ काही टाकले की तो हाकलायला धावतो आणि तोंडात धरतो. तेव्हा त्याला पकडणे अगदी सोपे. मरळ असे करते का?”

मी म्हणालो, “ह्या दिवसांत पिले नसतात रे.”

उत्तर खोटे नव्हते. मरळीची पिले पावसाळ्यातली, आणि आम्ही कार्तिकात उभे होतो. पण त्याने जे विचारले त्याचे ते उत्तर नव्हते, हे मला बोलतानाच कळत होते. वर्षभर ते मनात सलत राहिले. ह्या लेखात मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहे.

तो तलाव १९७२ च्या दुष्काळातला. त्या साली आमच्या भागात जागोजाग पाझर तलावांची कामे निघाली. आज ज्या बांधावर नातू उभा होता त्याची माती आमच्याच गावाने डोक्यावरून वाहिली आहे. माझे वडीलही त्यांत होते. कामावर दुपारी सुकडी वाटत. वडील अर्धी खात आणि अर्धी धोतराच्या सोग्यात बांधून आम्हां भावंडांसाठी घरी आणत. आपण किती खाल्ली हे आईने विचारले की ते म्हणत, “पोट भरलं म्हणून तर आणली.” त्या वयात मला ते खरे वाटे.

दोन वर्षांनी, १९७४ च्या पावसाळ्यात, तलाव तुडुंब होता. मी अकरा वर्षांचा होतो. माझ्यापाशी वेळूची काठी होती. तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि गळाला गांडूळ, एवढ्यावर लहानसहान खवल्या मिळत. मरळ मिळत नव्हती. तेव्हा एका मोठ्या पोराने मला युक्ती सांगितली. गवतात जेथे पाणी उथळ आहे तेथे पाहा. परातीएवढा तांबूस डाग पाण्यावर हलताना दिसेल. तो डाग म्हणजे मरळीची पिले. त्यांच्या खाली मोठी मरळ असतेच. पिलांच्या मधोमध बेडकी सोड.

मी तसा डाग शोधून काढला. शेकडो पिले, केशरी-तांबडी, एकाच वेळी श्वासाला वर येत, एकाच वेळी खाली जात. पाण्यावर पावसाची सर पडावी तसे दिसे. मी बेडकी सोडली मात्र, पाणी फाटल्यासारखे झाले. मोजायची गरजच पडली नाही. गावातल्या पोरांनी वर्षभरात काढली नव्हती एवढी मोठी मरळ मी घरी नेली. आईने कालवण केले. वडिलांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी जोडीदार मिळेल म्हणून मी पुन्हा गेलो. डाग होता, पण ताटलीएवढा. भोवती खवल्या घुटमळत होत्या आणि बाभळीच्या फांदीवरून खंड्या सारखा सूर मारत होता. तिसऱ्या दिवशी तेथे नुसते पाणी होते.

काठावर भोयांपैकी एक म्हातारे जाळे सुकवत बसले होते. आम्ही पोरे त्यांना आबा म्हणत असू. त्यांनी सगळे पाहिले असावे. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “लेकरा, भुकेनं आली तर धरावी. पिलांपायी आली तर धरू नाही.”

ह्या वाक्याचा अर्थ लावण्यात माझे बरेचसे आयुष्य गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

प्रथम मी तो व्यवहाराचा नियम समजलो. आबांचे पोट त्या पाण्यावर होते. शेतकरी उपासमारीतही बियाण्याला हात लावत नाही, तसाच हा कायदा. जुन्या चालीरीतींत हा शहाणपणा पुष्कळ आहे. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा दर्यात जातात. आज सरकारनेही १ जून ते ३१ जुलै अशी समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी घातलेली आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात बासच्या विणीच्या दिवसांत त्याला पकडण्यास मनाई असते. बी राहिले तर पीक राहील, हे कोणालाही पटते.

पण आबांच्या बोलण्यात तेवढेच नव्हते. ‘पावसाळ्यात धरू नाही’ असे ते म्हणाले नव्हते. मरळ कशासाठी आली, हे ते पाहायला सांगत होते. आणि येथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो.

मासे मारावेत की मारू नयेत, हा वाद मी येथे काढत नाही. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि त्याचा मी आदर करतो. ज्यांच्या घरी ते नसले तर भाकरी कोरडी राहते त्यांचीही भूक मला ठाऊक आहे. बासचा जगातला सर्वांत मोठा विक्रम २ जून १९३२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या एका तरुण शेतकऱ्याने केला. मासा बावीस पौंड चार औंसांचा होता. ते मंदीचे, हलाखीचे दिवस होते. पेरीने मासा घरी नेला आणि घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्या विक्रमाची बरोबरी झाली. पण पेरीच्या विक्रमाला भाकरीचा जो वास आहे तो मला अधिक आवडतो.

फसवणूक तर प्रत्येक गळात आहेच. गांडुळात लोखंड लपवणे हे काही सत्यवचन नव्हे. तरीही भुकेल्या माशाच्या आणि माझ्या भुकेत एक प्रकारची बरोबरी असते. तो बेडकाला खायला येतो, मी त्याला खायला बसलो आहे. सृष्टीचा हा जुना, कठोर व्यवहार आहे, आणि त्यात आम्ही दोघेही सामील आहोत. पिलांपाशी आलेल्या माशाची गोष्ट निराळी. तो काही घ्यायला आलेला नसतो, तो कोणाला तरी वाचवायला आलेला असतो. त्याच्या ठायी जे चांगल्यात चांगले आहे त्यालाच आपण गळ टोचतो.

कोणी म्हणेल, माशाला कसली आली माया? ती नुसती निसर्गप्रेरणा. असेलही. मरळीच्या मनात काय असते हे मला कळत नाही. पण माझ्या मनात काय होते ते मला कळते. ‘ती पिलांना सोडून जाणार नाही’ ह्या एका भरवशावर मी बेडकी सोडली होती. म्हणजे मी तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याच विश्वासाचा फास केला होता. पाप असेल तर ते येथे आहे. माशाला मन आहे की नाही ह्यावर ते अवलंबून नाही.

आयझॅक वॉल्टन ह्या इंग्रज गृहस्थाने १६५३ साली गळाच्या कलेवर एक रसाळ पुस्तक लिहिले. त्यात जिवंत बेडूक गळाला कसा लावावा हे सांगताना तो त्याच्याशी प्रेमाने वागल्यासारखे वागायला सांगतो, म्हणजे बेडूक जास्त वेळ जगेल. हे वाचून हसू येते आणि मग अंगावर काटा येतो. मायेची भाषा आणि गळाचे काम एकाच हाताने करता येते, हे त्या सज्जनाच्या लक्षातही आले नसावे.

ह्या गोष्टीला विज्ञानाने अलीकडे एक जोड दिली आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या रिज लेक ह्या तळ्यावर संशोधकांनी बास माशांच्या काही पिढ्यांचा अभ्यास केला. गळाला चटकन लागणाऱ्यांचा एक वंश आणि न लागणाऱ्यांचा दुसरा, असे त्यांनी वेगळे वाढवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने मी चकित झालो. जे नर गळाला सहज लागत तेच पिलांची राखण अधिक निष्ठेने करणारे, शत्रूवर अधिक धावून जाणारे बाप होते. म्हणजे गळ चांगले बाप वेचून नेतो आणि हलगर्जी बाप मागे ठेवतो. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडला तरी भागत नाही. तो आपल्या हातात असतो त्या काही मिनिटांतच इतर मासे घरट्यावर तुटून पडतात, आणि परत गेलेला बाप कधी कधी उरलेले घरटे सोडूनच देतो.

हे वाचले आणि मला आबांचा तलाव सोडून थेट कुरुक्षेत्र आठवले. द्रोणाचार्यांना जिंकणे कोणालाच शक्य नव्हते. लोभ नाही, भय नाही, दमणे नाही. हातात शस्त्र आहे तोवर त्यांना मारता येणार नाही, हे सर्वांना ठाऊक. मग पांडवांनी त्यांच्या मायेला गळ टोचला. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेल्याची आरोळी ठोकली. द्रोणांनी ती खरी की खोटी हे युधिष्ठिराला विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही ह्यावर त्यांचा विश्वास होता. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द हळूच पुटपुटला. म्हाताऱ्या बापाने शस्त्र खाली ठेवले. पुढे काय झाले ते आपण जाणतो.

युद्ध न्यायाचे होते, द्रोण थांबले नसते तर सेना उरली नसती, कृष्णाचा सल्ला होता. हे सारे मान्य करूनही व्यासांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. आणि शेवटी स्वर्गाच्या वाटेवर त्याला थोडा वेळ का होईना नरक पाहावा लागला. पांडवांनी युद्ध हरायला हवे होते असे व्यास म्हणत नाहीत. त्यांनी चाकाला फक्त माती लागलेली दाखवली.

आता मला माझ्या चाकाची माती दाखवली पाहिजे.

२००६ साली मी औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) नोकरीला होतो. गावाकडे वडिलांचे चार एकर मोसंबीचे रान होते, विहिरीचे. दुष्काळानंतर त्यांनी स्वतः पाणी शेंदून ती बाग उभी केली होती. मला शहरात मोठे घर हवे होते. मी त्यांना बाजारभाव सांगितला, ते हसले. व्याजाचे गणित सांगितले. ते उठून बैलाला पाणी पाजायला गेले. शहरात येऊन आरामात राहा म्हटले. म्हणाले, इथं काय बेआराम आहे? लोभाला किंवा भुकेला लागणारा कोणताही गळ त्यांना लागत नव्हता. शेवटी एका रात्री मी म्हणालो, “दादा, पोराला इंजिनियरिंगला घालायचे आहे. पैसा नाही.”

खरे म्हणजे त्याचा खर्च माझ्या पगारात आणि थोड्या कर्जात भागण्यासारखा होता. मी ते वाक्य का निवडले हे मला त्या क्षणीही ठाऊक होते.

महिन्याच्या आत खरेदीखत झाले. जमिनीच्या पैशांतला लहान भाग फीला गेला, मोठा भाग घराला. दोन वर्षांनी वडील गेले. ती बाग पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात इतर कितीतरी मोसंबीच्या बागांबरोबर वाळली. आपल्याकडे असती तरी वाळलीच असती, असे म्हणून मी काही दिवस समाधान करून घेतले. पकडलेला मासा पाण्यात परत सोडल्यासारखे ते समाधान होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सही करून आम्ही एस. टी. ने परतत होतो. खिडकीबाहेर पाहत वडील म्हणाले, “समदा पैसा त्याच्यापायी लागत नाही, हे मला तव्हाच कळलं होतं. पण तू पोरगं मधी घातलंस. मग मला नाही म्हणता येईना.”

मी गप्प राहिलो. आजवर मला वाटत होते की गळ फसवतो. त्या दिवशी कळले की मायेला टोचलेला गळ फसवतही नाही. समोरच्याला तो स्वच्छ दिसत असतो, आणि तरीही तो तोंडात घेतो. कारण न घेण्यात जो धोका आहे तो आपल्या जिवापेक्षा त्याला मोठा वाटतो. सुकडीची अर्धी पुडी सोग्यात बांधणारा माणूस हिशेबात कच्चा नव्हता. तो हिशेब करतच नव्हता.

आज हा गळ जिकडेतिकडे टाकलेला दिसतो. ‘तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असे सांगणारे खोटे दूरध्वनी येतात, आणि त्यांत पै-पैचा हिशेब ठेवणारी वडीलधारी माणसेही सापडतात. आपण त्यांना भोळी म्हणून हसतो. भोळी नव्हेत, ती राखण करत असतात. पण चोरांना नावे ठेवणे सोपे आहे. घरातल्या घरात, गोड बोलून, ‘मुलांसाठी’, ‘आईसाठी’ अशी वाक्ये आपण कोठे कोठे सोडतो, हे ज्याचे त्याने दिव्यांच्या उजेडात एकदा पाहावे. मागणे वाईट नाही. मला मोठे घर हवे आहे असे मी सरळ म्हणालो असतो, तर कदाचित वडिलांनी दिले नसते. कदाचित दिलेही असते. पण ते त्यांचे देणे झाले असते.

आमच्या शहराला पूर्वीपासून ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात. पावसाळ्यात तलावावर तो तांबूस डाग वरखाली होताना पाहिला की हा पाळणा कोणता ते मला कळते, आणि त्याची दोरी कोणाच्या हाती आहे तेही.

ह्या दिवाळीला नातू पुन्हा येणार आहे, रबरी बेडूक घेऊनच. त्याला मरळ धरायची आणखी एक-दोन कसबे दाखवीन. मग बांधावर बसून मागल्या वर्षीच्या प्रश्नाचे उत्तर देईन, आणि त्याच्या पणजोबांच्या बागेची गोष्टही सांगेन. त्याच्या बापाच्या फीचे निमित्त करून ती विकली गेली, हे त्याला कळले पाहिजे.

होय बाळा, मरळ असेच करते. म्हणूनच तेथे गळ टाकायचा नाही.